शुक्रवारचं भाषण

सभागृहातल्या निम्म्याअधिक सदस्यांना टेबलबाईंचा चेहरा रस्त्यात दिसला असता तर ओळखता आला नसता. त्यांच्या डोक्यावरचा भांग मात्र सगळ्यांच्या ओळखीचा होता. सदस्यांची आसनं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, आणि अगदी तळाशी अध्यक्षांच्या उंच खुर्चीखाली एक लांबट टेबल. त्या टेबलाशी मान खाली घालून बाई एकतीस वर्षं बसल्या होत्या. सदस्य जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि मग वरच्या खोलीत जाऊन टंकायचं, हे त्यांचं काम. पदाचं नाव प्रतिवेदक. पण एवढा मोठा शब्द उच्चारायला लोकप्रतिनिधींना कुठून वेळ असणार? टेबलाशी बसते ती टेबलबाई, संपलं.

त्या टेबलाचे नियम कडक होते. वर बघायचं नाही. हसायचं नाही. कुणाचं पटलं म्हणून मान डोलवायची नाही. दर दहा मिनिटांनी नवा माणूस येऊन खुर्चीत बसणार, आधीच्याने वही उचलून निघायचं. दहा मिनिटांच्या त्या बैठकीला ते खेप म्हणत. दोन नियम तर नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी घोकून घेत. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितला की लेखणी खाली ठेवायची, कारण त्यापुढचं बोलणं बोलणं नव्हेच. आणि कुठे वही वाचून दाखवायची वेळ आली तर अख्खी खेप वाचायची, वेचक-वेधक वाचायचं नाही. फार पूर्वी कुणीतरी सोयीचं तेवढं वाचलं होतं आणि त्यावरून एक मंत्रिमंडळ पडलं होतं म्हणे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

बाईंनी एकतीस वर्षांत एकदाही ध चा मा केला नव्हता. शिव्या उतरवल्या, शेरोशायरी उतरवली, एकच माणूस सकाळी विरोधात आणि दुपारी बाजूने बोलला तेही दोन्ही वेळा तितक्याच टोकदार पेन्सिलीने उतरवलं. याची किंमत मात्र त्यांनी घरी मोजली. नवरा हयात असताना म्हणायचा, "तुला साऱ्या जगाचं ऐकू येतं, माझं तेवढं सोडून." तो गेला त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरात बोलणारा एक रेडिओच, आणि तो लागला की बाईंच्या उजव्या हाताची बोटं आपोआप गुडघ्यावर लघुलिपी गिरवू लागत. नात्यातल्या कुणी एखाद्या भांडणात विचारलं, "तुझं काय मत?" तर बाई दोन्ही बाजूंचं म्हणणं शब्दाला शब्द सांगत. मग लोकांनी विचारायचंच सोडलं. भाऊ तेवढा दर रविवारी फोन करायचा, तोही स्वतःचंच सांगायला. बाई एकट्या होत्या, आणि एकटेपणा अंगवळणी पडतो असं जे लोक म्हणतात त्यांना काही कळत नाही. अंगवळणी पडते ती फक्त एका माणसापुरती चूल.

त्या वर्षी ऐन थंडीत वरच्या खोऱ्यातला बांध फुटला. हजारो माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि त्यांना एका बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तंबूंत ठेवलं. उघडं माळरान, वारा अडवायला झाड नाही. ब्लँकेटांच्या वाघिणी रेल्वेच्या यार्डात येऊन उभ्या होत्या, पण माल तपासल्याचा दाखला यायचा होता. दाखल्यावर सही करणारा अधिकारी सुटीवर होता, आणि त्याच्याऐवजी सही कुणी करायची यावर दोन खाती एकमेकांना पत्रं लिहीत होती. धावपट्टीवर लहान मुलं थंडीने मरू लागली.

शुक्रवारी सभागृह तुडुंब भरलं होतं. विरोधी बाजूचे मास्तर बोलायला उभे राहिले. ते एके काळी खरोखरीचे मास्तर होते आणि त्यांचं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. खेप टेबलबाईंची होती. मास्तरांनी आधी आकडे सांगितले, वाघिणींचे क्रमांक सांगितले, दोन खात्यांमधल्या पत्रांच्या तारखा सांगितल्या. मग आवाज खाली आणला.

"ही मुलं मेली नाहीत. यांना मारलंय. आणि मारणारा माणूस या सभागृहात समोरच्या बाकावर, गरम कोट घालून बसलाय."

बोट मदतमंत्र्यांकडे होतं. एकच गदारोळ उठला. "खुनी म्हणता?" "शब्द मागे घ्या." मास्तर म्हणाले, "खुनीच म्हणतो." अध्यक्षांनी हातोडी आपटली, ते शब्द कामकाजातून काढले आणि ध्वनिक्षेपक बंद करायला लावला.

इथे बाईंनी लेखणी खाली ठेवायला हवी होती. पण मास्तरांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि त्या गोंगाटात, बिनध्वनिक्षेपकाचं, मेलेल्या मुलांची नावं वाचायला सुरुवात केली. ऐकू येण्यासारखं कुणालाच नव्हतं. सहा फुटांवर, खाली, टेबलाशी तेवढं येत होतं. लघुलिपीत नावांना खूण नसते, नाव पुरं अक्षर अक्षर लिहावं लागतं. बाईंनी सात नावं पुऱ्या अक्षरांत लिहिली. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं, हे बाई कुठेही शपथेवर सांगू शकल्या असत्या.

मग गोंगाट ओसरला तसे मास्तर खाली बसले, रुमालाने डोळे टिपले आणि शेजारच्या सदस्याकडे झुकून हळूच म्हणाले, "रंगलं ना?"

बाईंच्या हाताने तेही लिहिलं. हाताला काय, तो एकतीस वर्षं ऐकलेलं लिहीत आला होता. तेवढ्यात खेप संपली आणि बाई वही घेऊन उठल्या. जिना चढताना त्यांना एकदम थकवा आला. एखाद्याच्या शेजारी बसून मनसोक्त रडावं आणि त्याने मध्येच घड्याळ बघावं, तसं काहीसं झालं होतं.

शनिवारी सकाळी ब्लँकेटं धावपट्टीवर पोचली. सही कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बैल गेला आणि झोपा केला, पण केला एकदाचा. पुढचे तीन आठवडे वर्तमानपत्रांत, चहाच्या टपऱ्यांवर आणि बाईंच्या कचेरीत एकाच गोष्टीचा काथ्याकूट चालला. भर सभागृहात माणसाला खुनी म्हणावं का? एक म्हणे, उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरा म्हणे, मग काय ओवाळायचं होतं? ब्लँकेटं यार्डात का अडकली हे विचारणारा एकही नव्हता. मदतमंत्र्यांनी आचारसमितीकडे तक्रार केली, आणि तीत भर घातली की ध्वनिक्षेपक बंद असताना या सदस्याने "मंत्र्यांची घरं पेटवा" असं चिथावलं. मास्तर म्हणाले, मी फक्त नावं वाचली. ध्वनिमुद्रण नव्हतं. पण चित्रीकरणात दिसत होतं, की सगळ्या गोंधळात टेबलाशी बसलेल्या एका बाईचा हात चालूच आहे.

समितीचं बोलावणं आलं तसं कचेरीत बाईंना अचानक चेहरा फुटला. मोठ्या साहेबांनी खुर्ची दिली.

"बाई, सरळ सांगा, लेखणी खाली ठेवली होती. हात हलत होता तो मागचं नीट करत होते म्हणा. सात महिने राहिलेत तुमचे. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"आणि वही?"

"वही कोण मागतंय? तुम्ही नाही म्हणालात की वही नाही."

संध्याकाळी जिन्यात मास्तर भेटले. त्यांना वहीतल्या शेवटच्या ओळीची कल्पना नव्हती. ते अगदी हात जोडून उभे राहिले. "बाई, माझी अब्रू तुमच्या वहीत आहे. मी नावंच घेतली ना? तेवढं वाचून दाखवा म्हणजे झालं." बाई वाट काढून जिना उतरल्या. वही उघडली तर नावं वाचली जाणार, आणि नावांच्या खालची ओळही वाचली जाणार. त्या ओळीपुढे नावं कुणाच्या लक्षात राहणार? मास्तरांचं हसं होईल, आणि त्यांच्याबरोबर धावपट्टीवरल्या माणसांचंही. वही मिटली तर मास्तरांवर घरं पेटवायला चिथावल्याचा डाग, आणि नावं कुठेच नाहीत. मध्ये कुठेतरी पेन्सिल थांबवायची सोय बाईंना कुणी शिकवली नव्हती.

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा बाईंनी विषय काढून पाहिला. "समज, एक माणूस खरं बोलला, पण टाळ्यांसाठी बोलला. तर त्याचं खरं खरं धरायचं का?"

"ताई, तू कशाला पडतेस असल्या भानगडीत?" भाऊ म्हणाला, आणि गुडघ्याचं काय झालं ते सांगू लागला. बाई हं हं करत राहिल्या. फोन ठेवल्यावर पाहिलं तर भावाच्या गुडघ्याचं सगळं दुखणं त्यांनी फोनशेजारच्या कागदावर लघुलिपीत उतरवून ठेवलं होतं.

समितीच्या दिवशी बाई वही घेऊन वेळेआधी अर्धा तास पोचल्या. साक्षीदारांना बाहेरच्या बाकावर बसवून एकेकाला आत घेत होते. बाकावर एक तिशीची बाई आधीच बसली होती. अंगावर करडं, कोरं ब्लँकेट शालीसारखं घेतलेलं. धावपट्टीवरून पहाटेच्या बसने सहा तास प्रवास करून आली होती. मरण पावलेल्या एका मुलीची आई म्हणून तिला बोलावलं होतं, नाव घ्यायला तिची परवानगी होती का एवढंच विचारायला.

"तुम्ही पण साक्षीला?" तिने विचारलं.

"हो. मी लिहून घेते. सभागृहातलं."

"मग माझ्या पोरीचं नाव लिहिलंय तुम्ही?" तिने मुलीचं नाव सांगितलं.

"लिहिलंय. सहावं आहे."

तिने ब्लँकेट अंगाशी ओढून घेतलं. "आमच्याकडे नोंदच नाही हो तिची. शिबिराच्या कागदावर नुसता आकडा लिहिलाय. बालक, एक. मी म्हटलं, नाव लिहा, तर म्हणाले रकाना नाही."

"कधी गेली?"

"बुधवारी. पहाटे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत बोलत होती, पाय गार पडलेत म्हणाली. मी माझं लुगडं गुंडाळलं तिच्या पायांना."

बाईंच्या बोटांनी गुडघ्यावर गिरवणं सुरू केलं होतं, ते थांबलं. बुधवार. त्यांनी वही उघडली आणि शुक्रवारच्या मागची पानं उलटली. त्याच आठवड्यातला सोमवार त्याच वहीत होता, आणि सोमवारचीही एक खेप त्यांचीच होती. त्या दुपारी अर्धंअधिक सभागृह रिकामं, पत्रकारांचा सज्जा तर ओसच. बाईंनी ते पान वाचलं. मग परत वाचलं. आपल्याच हाताने लिहिलेलं, आपणच टंकलेलं आणि टंकून झाल्यावर आपण घरी जाऊन भात टाकलेला. आतून पुकारा झाला.

खोलीत अंडाकृती टेबलाभोवती नऊ सदस्य होते. प्रमुख म्हणजे एक म्हातारे डॉक्टर, दवाखाना सोडून राजकारणात आलेले. एका बाजूला मदतमंत्री, दुसऱ्या बाजूला मास्तर. बाईंना वाटलं, इथे सगळे एका पातळीवर बसलेत, कुणाचंही तोंड सरळ दिसतंय. त्यांना ते फार अवघड गेलं.

"ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर तुम्ही लिहीत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"नियम माहीत आहे ना? लेखणी खाली का नाही ठेवली?"

"नावं चालू होती," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाचायला सांगितलं. बाईंनी अख्खी खेप वाचली, आकडे, वाघिणी, पत्रांच्या तारखा, गरम कोट, खुनी. आवाज त्यांचा नेहमीचा, सपाट. मग सात नावं, सावकाश, एकेक. घरं पेटवायचं कुठे आलंच नाही, आणि मास्तरांनी खुर्चीत टेकून सुस्कारा सोडला. मग बाईंनी पुढची ओळ वाचली.

"रंगलं ना?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मदतमंत्री हसले. त्यांच्या बाजूचे चौघे हसले. मास्तरांच्या बाजूचेही एकदोघे हसले, कारण हसू पक्ष बघत नाही. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बाईंकडे असं पाहिलं, जसं घरच्याच माणसाने पाठीत धपाटा घातल्यावर बघावं. अहवाल यायला महिना लागणार होता, पण त्यात काय येणार ते त्या हसण्यातच ठरलं. उद्या प्रत्येक वर्तमानपत्रात तेच दोन शब्द असणार होते.

"आभार," डॉक्टर हसून पाणावलेले डोळे पुसत म्हणाले. "जाऊ शकता."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी पानं मागे उलटली. एकतीस वर्षांत कुणी न विचारता त्या कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सरळ वाचायलाच घेतलं.

"सोमवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. विरोधी सदस्य: शिबिरात दगावलेल्या पाच मुलांची नावे माझ्याजवळ आहेत, ब्लँकेटे यार्डात पडून आहेत. परंतु आज सभागृहात उपस्थिती नाही. विषय गंभीर आहे, मी शुक्रवारी बोलतो. मदतमंत्री: शुक्रवार आम्हालाही सोयीचा आहे. अध्यक्ष: सभागृहाची संमती आहे? सदस्य: आहे, आहे."

आता कुणी हसलं नाही. सोमवारी पाच आणि शुक्रवारी सात, ही वजाबाकी तिथल्या प्रत्येकाला येत होती. त्या दिवशी जे थोडे हजर होते त्यांत डॉक्टरही होते. त्यांनी चष्मा काढला, काच पुसली, परत घातला. एकाच माळेचे मणी जेव्हा एकमेकांकडे बघायचं टाळतात तेव्हा खोलीत जी शांतता होते, तशी झाली.

"समितीपुढे प्रश्न शुक्रवारच्या भाषेचा आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "सोमवार आपल्यापुढे नाही. हे कामकाजातून काढून टाकावं." कोपऱ्यात बाईंच्याच कचेरीतली एक तरुण सहकारीण टिपणं घेत होती, तिने लेखणी खाली ठेवली. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते.

बाई बाहेर आल्या. मागोमाग शिपाई आला आणि बाकावरच्या आईला म्हणाला की वेळ संपली, तुमची साक्ष आता नको, तुम्ही गेलात तरी चालेल. तिने मान हलवली. परतीच्या बसला अजून दीड तास होता. बाईंनाही घरी जायची घाई कधीच नसायची. त्या तिच्या शेजारी बसल्या. किती वर्षांनी त्या कुणाच्या एवढ्या जवळ बसल्या होत्या, आणि बरं वाटत होतं. तेही लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं.

"वाचलं तिचं नाव?" आईने विचारलं.

"वाचलं. कागदावर राहील आता. मागितली तर नक्कल मिळते, मी तुम्हाला काढून देईन."

आईने आपल्या ब्लँकेटचा एक पदर बाईंच्या गुडघ्यांवर ओढला. व्हरांड्यात वारा होता. "देव भलं करो त्या मास्तरांचं," ती म्हणाली. "कुणी काही म्हणो. ते बोलले म्हणून दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. तंबूतली बाकीची पोरं वाचली." मग थोड्या वेळाने, अगदी तक्रार नसल्यासारखं, "चार दिवस आधी बोलले असते तर माझी पण राहिली असती. पण त्यांना तरी कुठे माहीत होतं."

बाईंना इथे गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि या एका वेळी गप्प बसल्याबद्दल कुणी बोट दाखवलं नसतं. शेजारी माणूस होतं, गुडघ्यांवर ऊब होती, दीड तास होता.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "सोमवारीच माहीत होतं. त्यांना, मंत्र्यांना, सगळ्यांना. शुक्रवारी गर्दी असते म्हणून थांबले." आणि तिने काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "मलाही. मीच लिहून घेतलं होतं."

आई बाईंकडे बघत राहिली. मग तिने बाईंच्या गुडघ्यांवरचा ब्लँकेटचा पदर हळूच काढून घेतला, स्वतःभोवती नीट लपेटला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकून बसली.